परदेशात गाडी चालवायची असेल तर आधी ‘कोणी थांबायचं’ ते शिका

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग दिसतात. लायसन्स कोणतं लागेल, भाड्याची गाडी घेताना काय बघायचं, आणि आजवर रस्त्याच्या डावीकडूनच गाडी चालवलेल्या माणसाने युरोपातले नियम किती आणि कसे शिकायचे. पुढच्या वर्षी अमेरिकेचंही मनात आहे असं म्हणता. जीपीएस आणि रस्त्यावरच्या पाट्या एवढ्यावर भागेल का, असंही विचारलंय. नाही भागणार. का ते सविस्तर सांगतो, पण आधी कागदपत्रं उरकून घेऊ.

आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, हे स्वतंत्र लायसन्स नव्हे. तुमच्या मूळ लायसन्सचं ते अनेक भाषांतलं भाषांतर आहे, त्यामुळे मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा उपयोग शून्य. ज्या देशाचं लायसन्स आहे तिथेच ते काढायचं, आणि निघण्यापूर्वी. ‘जगभर चालणारं लायसन्स’ घरपोच देतो म्हणणाऱ्या वेबसाइट्सवर पैसे घालवू नका. त्या कागदाला कायद्याचा आधार नसतो आणि अपघात झालाच तर विम्याचं प्रकरण तिथेच अडकतं. सध्या दोन प्रकारची आयडीपी जास्त दिसतात. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलं एक वर्ष चालतं, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलं जास्तीत जास्त तीन वर्षं. एरवी हा फरक क्षुल्लक वाटेल, पण जपान फक्त १९४९ चंच मानतं, आणि चीनच्या मुख्य भूमीवर दोन्हींपैकी एकही चालत नाही. तेव्हा ‘माझ्याकडे आयडीपी आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यावर कोणत्या कराराचं वर्ष छापलंय ते बघा.

गाडीबद्दल थोडक्यात. बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकवून ठेवतात, म्हणून कार्डाची मर्यादा आधी तपासा. ‘फुल इन्शुरन्स’ या शब्दांवर जाऊ नका. दोनच प्रश्न विचारा: नुकसान झालं तर पहिली किती रक्कम माझ्या खिशातून जाणार, आणि काच, टायर व गाडीचा तळ यात धरलेत का? पुष्कळदा धरलेले नसतात. सीमा ओलांडणार असाल तर त्या देशांची नावं लिहून परवानगी घ्या. बायको किंवा भाऊही गाडी चालवणार असेल तर त्यांचं नाव करारात असायलाच हवं. मुलांच्या सीटचं बुकिंग आधी करा. जर्मनीत मूल १२ वर्षांचं होईपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर ती सक्तीची आहे. आणि थोडे पैसे जास्त गेले तरी ऑटोमॅटिकच घ्या. रस्त्याची बाजू बदललेली, आरसे बदललेले, त्यात गिअरही उजव्या हाताने टाकायचा, हे सगळं पहिल्याच दिवशी कशाला?

आता मुख्य मुद्दा. नियम शिकायचे म्हटलं की लोक चिन्हांचा तक्ता पाठ करायला घेतात. रस्त्यावरच्या चिन्हांसाठी १९६८ मध्येच व्हिएन्नात झालेल्या वेगळ्या करारामुळे युरोपभर चिन्हं बरीचशी सारखी आहेत: लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध, लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे सक्ती. हे अर्ध्या तासात जमतं. अवघड आहे ते वेगळंच: पाटी नसताना आधी कोणी जायचं. जिथे नियम अंगवळणी पडलेले असतात तिथला चालक तुमच्याकडे बघून अंदाज बांधत बसत नाही. हक्क त्याचा असेल तर तुम्ही थांबणार हे धरूनच तो येतो, बहुतेकदा वेग कमी न करता. नजरानजर करणं, हॉर्न देणं, जरा नाक पुढे काढून जागा करून घेणं, यातलं काही तिथे चालत नाही. उलट, हक्क तुमचा असताना तुम्ही भलेपणाने मध्येच थांबून दुसऱ्याला हात केलात, तर मागचा माणूस तुमच्यावर येऊन आदळू शकतो. तुमचं वागणं त्याला आधीच कळावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम अशा देशांत चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, रस्त्यावर थांबायची रेघ नाही, तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. रस्ता रुंद की अरुंद याचा संबंध नाही. तुम्ही सरळ मोठ्या रस्त्याने निघालात आणि उजव्या हाताच्या बोळातून एक छोटी गाडी न थांबता बाहेर आली, तर हक्क तिचा असतो, थांबायचं तुम्ही. गावांच्या आतल्या भागात आणि ताशी ३० किमीची मर्यादा असलेल्या वस्त्यांत हे पावलोपावली येतं. तिथे प्रत्येक बोळाशी पाय ब्रेकवर न्यायचा आणि उजवीकडे बघायचं, दुसरा इलाज नाही.

यातून मोकळीक देणारी एक पाटी आहे आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची: टोकावर उभा केलेला, पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन. तो दिसला की तुमचा रस्ता प्रमुख, बाजूचे थांबतील. त्याच चौकोनावर काळी तिरकी रेघ दिसली की हक्क संपला आणि पुन्हा उजवीकडच्याचं राज्य. गाडी चालवताना मी मनात ही एक नोंद सतत ठेवतो: शेवटचा पिवळा चौकोन कुठे दिसला होता आणि तो अजून लागू आहे का? तुम्हीही ती सवय लावून घ्या. जीपीएसचा आवाज वळण सांगतो, पण त्या वळणावर हक्क कोणाचा हे बहुतेकदा सांगत नाही.

अमेरिकेत मात्र टोकावर उभा पिवळा चौकोन म्हणजे पुढे धोका आहे, जपून. एका खंडात ‘बिनधास्त जा’, दुसऱ्यात ‘सावध राहा’. म्हणून दोन्हीकडचं वाचन एकदम करू नका. अमेरिकेचं त्या वेळी करा. तेव्हा तीन गोष्टी विशेष बघा. चारही बाजूंना स्टॉप असलेला चौक: जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी जाणार, दोघे एकाच वेळी आले तर उजवीकडचा आधी. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळणं: बहुतेक ठिकाणी चालतं, पण न्यूयॉर्क शहरात पाटीने परवानगी दिली असेल तरच. युरोपात ही सवय घेऊन जाल तर थेट सिग्नल तोडल्यासारखं होईल. आणि पिवळी स्कूल बस लाल दिवे उघडझाप करत थांबली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. मध्ये दुभाजक असेल तेव्हाचा नियम राज्यागणिक वेगळा आहे, तो पाहून जा.

सिग्नलच्या जागेतही फरक आहे. अमेरिकेत तो बहुधा चौकाच्या पलीकडे टांगलेला असतो, युरोपात पुष्कळदा अलीकडे, थांबण्याच्या रेषेपाशीच. युरोपात रेषा ओलांडून थोडे पुढे सरकलात तर सिग्नल तुम्हाला दिसतच नाही. अमेरिकेत ‘दिव्यापाशी थांबू’ म्हणाल तर चौकाच्या मधोमध उभे राहाल. दोन्हीकडे रेषा बघा, दिव्याच्या जागेवरून अंदाज बांधू नका.

राउंडअबाउटमध्ये, म्हणजे गोल चौकात, साधारणपणे आत फिरणाऱ्याचा हक्क असतो आणि प्रवेशापाशी उलटा त्रिकोण, म्हणजे ‘वाट द्या’ची पाटी असते. त्रिकोण खरंच आहे का ते बघा, कारण पॅरिसच्या आर्क द ट्रिओम्फभोवतीच्या प्रचंड चौकात उलट आहे: तिथे आत शिरणाऱ्याचा हक्क. पॅरिसमध्ये तुम्हाला गाडीची गरज नाही, तेव्हा तो चौक पायीच बघा. आइसलँडला कधी गेलात तर दोन लेनच्या राउंडअबाउटमधून बाहेर पडताना आतल्या लेनमधल्याला आधी जाऊ द्यायचं असतं, हेही नवख्यांना माहीत नसतं.

वेगाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण दंड इथेच बसतात. फ्रान्स, जर्मनी आणि आणखी बऱ्याच देशांत गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. तिच्यावर आकडा नसतो, पण नाव दिसलं की मर्यादा ५०, आणि नावावर तिरकी रेघ असलेली पाटी आली की ती संपली. ‘५० ची पाटी कुठेच नव्हती’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. फ्रान्सच्या मोटरवेवर कोरड्या हवेत १३० आणि पावसात ११०, हेही लक्षात असू द्या.

जर्मनीच्या ऑटोबानवर काही भागांत मर्यादा नाही, सुचवलेला वेग मात्र १३० आहे. तिथे नवख्याला खरा धोका असतो डाव्या लेनमध्ये रेंगाळण्याचा. ओव्हरटेक करून लगेच उजवीकडे या, उजवीकडून ओव्हरटेक करू नका, आणि डावीकडे जाण्याआधी आरशात दोनदा बघा, कारण मागचा ठिपका काही क्षणांत तुमच्या बंपरशी असतो. वाहतूक तुंबायला लागली की सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची. सायरन ऐकू आल्यावर नव्हे, वाहतूक मंदावल्याबरोबर. ऑस्ट्रियातही हाच नियम आहे. मला हा नियम फार आवडतो, कारण अनोळखी जखमी माणसासाठी शेकडो गाड्या कोणी न सांगता बाजूला होतात. तुम्हीही त्यात चोख सामील व्हा.

आल्प्समध्ये जाणार असाल तर पिवळ्या शिंगाचं (पोस्टाच्या तुतारीसारख्या वाद्याचं) चिन्ह असलेले निळे फलक ओळखून ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये अशा घाटरस्त्यांवर पोस्टाच्या बसचा हक्क आधी, आणि बसचालक मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यायचं. उतारावर गिअर खालचा ठेवा, सतत ब्रेकवर पाय नको. स्विस मोटरवेसाठी ४० फ्रँकचा वार्षिक विन्येत, म्हणजे मोटरवे वापरण्याचा पास, लागतो, त्याहून कमी मुदतीचा मिळत नाही. ऑस्ट्रियात कमी दिवसांचाही मिळतो. इटलीत जुन्या शहरभागांच्या तोंडाशी ‘झेडटीएल’ची, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेल्या भागाची, पाटी असते, पांढऱ्या गोलाला लाल कड. परवान्याशिवाय आत गेलात की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी येतं, वर गाडीची कंपनी तुमचं नाव कळवल्याचे पैसे घेते ते वेगळेच. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर ते नोंदवून देतील का, हे बुकिंग करतानाच विचारा.

रस्त्याची बाजू बदलण्याची भीती तुम्हाला आहे, पण ती बहुतेकांना चुकीच्या जागी वाटते. गर्दीत तुम्ही पुढच्याच्या मागे बरोबर जाता. बाजू चुकते ती रिकाम्या रस्त्यावर, सकाळी हॉटेलमधून बाहेर पडताना, पेट्रोल पंपावरून निघताना, किंवा एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होतो तिथे. लक्षात ठेवायचं एवढंच: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो, कडेच्या नाही. उजवीकडे वळण छोटं, डावीकडे मोठं. शेजारी बसणाऱ्याला हे आधी समजावून सांगा आणि प्रत्येक वळणावर मोठ्याने म्हणायला लावा. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर विमानतळावरून थेट गाडी घेऊ नका, एक झोप काढून दुसऱ्या सकाळी घ्या. पहिला तास पार्किंगमध्ये आणि शांत रस्त्यांवर. नवी बसण्याची बाजू असली की गाडी नकळत उजव्या कडेकडे सरकते, म्हणून उजव्या आरशात कडेची रेघ बघत राहा.

पेट्रोल पंपावर रंगावर विसंबू नका. युरोपात हिरवी नळी बहुधा पेट्रोलची आणि काळी डिझेलची, तर अमेरिकेत हिरवी पुष्कळदा डिझेलची. युरोपियन युनियनमध्ये २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणापाशी खुणा असतात: वर्तुळ पेट्रोलसाठी, चौकोन डिझेलसाठी. त्या जुळवा.

अपघात किंवा बिघाड झाला तर आधी चमकणारं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट अंगात, मग खाली उतरा. म्हणून ते डिकीत न ठेवता हाताशी ठेवा. युरोपियन युनियनमध्ये आणीबाणीचा नंबर ११२. किरकोळ धडक असेल तर समोरचा चालक बहुधा अपघाताचा एक ठरावीक युरोपीय फॉर्म पुढे करेल. त्याची मांडणी आणि रकान्यांचे क्रमांक सगळ्या भाषांत सारखे असतात, म्हणून इंग्रजी प्रत छापून नेलीत की फ्रेंच किंवा इटालियन फॉर्म तिच्याशी ताडून भरता येतो. खालच्या चौकटीत रस्त्याचं आणि गाड्यांचं चित्र काढायचं असतं, तिथे हक्काच्या पाट्याही दाखवा. चित्र आणि तुम्ही खूण केलेले रकाने एकमेकांशी जुळतात का ते बघूनच सही करा, आणि तिथेच फॉर्मचा फोटो काढा.