न खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही सावकाश वाचले. रंगाच्या गोळ्या झाडून प्रतिस्पर्ध्याला बाद करण्याच्या आपल्या या पेंटबॉलच्या व्यावसायिक लीगसाठी प्रायोजक कसे गाठावेत, वाहिन्यांपुढे काय मांडावे, बक्षिसाची रक्कम किती असावी, हे सर्व तू बारकाईने लिहिले आहेस आणि शेवटी वैतागून विचारले आहेस की, इतका वेगवान खेळ चाळीसहून अधिक वर्षांनंतरही खेळणाऱ्यांच्याच वर्तुळात का अडकून पडला आहे. अमेरिकेत पंच म्हणून आणि पुढे सामन्यांच्या प्रक्षेपणात काम करताना माझी उमेदीची वर्षे याच प्रश्नावर खर्ची पडली, त्यामुळे उत्तर कठोर वाटले तरी राग मानू नकोस. तुझ्या आराखड्यात खेळाडू आहेत, मैदान आहे, कॅमेरे आहेत, पैसा आहे. ज्याने आयुष्यात कधी मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, हातात धरलेला नाही, असा माणूस मात्र त्यात कुठेच नाही. न खेळणाऱ्याला खेळ कळला पाहिजे. बाकीचे सगळे त्यानंतर येते.

या खेळाचा जन्म कसा झाला ते आठव. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे चार्ल्स गेन्स, हेज नोएल, बॉब गर्न्सी आणि त्यांचे सोबती असे बारा जण जंगलात उतरले. त्यांच्या हातांतली नेल्स्पॉट पिस्तुले झाडांवर आणि गुरांवर रंगाच्या खुणा करण्यासाठी बनवलेली होती. त्या दिवशी जिंकला तो रिची व्हाइट. त्याने एकही गोळी न झाडता, कुणालाही चाहूल न लागू देता जंगलात ठेवलेले झेंडे गोळा केले. म्हणजे जो कुणालाच दिसला नाही, तो पहिला विजेता ठरला. खेळाडूच्या दृष्टीने ही फार सुंदर गोष्ट आहे. पण तिथे एखादा प्रेक्षक उभा असता तर त्याला विजय घडताना दिसलाच नसता. लपण्यात ज्याचे कौशल्य आहे, तो खेळ दाखवायचा कसा, ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे आणि ती पैशाने सुटणारी नाही.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात हवेने फुगवलेले बंकर, म्हणजे लपण्याचे आडोसे, आले आणि स्पर्धा जंगलातून मोकळ्या मैदानावर आली. पुढे 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला एक्स-बॉल हा नवा स्पर्धा-प्रकार आला. एकाच लढतीवर निकाल लावण्याऐवजी पाच विरुद्ध पाच अशा अनेक छोट्या लढती, प्रत्येकीचा गुण, घड्याळ आणि फलक, असे रूप खेळाला मिळाले. या दोन बदलांइतके महत्त्वाचे या खेळात दुसरे काही घडलेले नाही असे मी मानतो, कारण पाहणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला तर नियम कसे बदलावे लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. दुर्दैवाने त्यानंतर बहुतेकांना वाटले की आता काम झाले.

काम झालेले नव्हते. जेमतेम सतरा मिलिमीटरची रंगाची गोळी सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास वेगाने जाते; नेहमीच्या कॅमेऱ्यात ती दिसत नाही. दहा खेळाडू एकाच वेळी हालचाल करतात. एका कडेला कुणी स्नेकमधून, म्हणजे बुटक्या बंकरांच्या लांब रांगेआडून, सरपटत पुढे सरकत असतो, तर दुसऱ्या कडेला कुणी एका डोरिटोमागून, म्हणजे त्रिकोणी बंकरमागून, दुसऱ्यामागे धावत असतो, आणि लढतीचा निकाल पुष्कळदा सुरुवातीच्या धावेत, पहिल्या काही सेकंदांतच, अर्धा लागलेला असतो. उंचावरून सगळे मैदान दाखवावे तर माणसे मुंग्यांएवढी दिसतात, एका खेळाडूवर कॅमेरा ठेवावा तर निर्णायक गोळी भलतीकडेच लागते. शिवाय सगळ्यांचे चेहरे मास्कखाली. बाद झालेला खेळाडू हात वर करून निघून जातो, पण त्याला कुणी टिपले, कोणत्या कोनातून टिपले आणि तो कोन कुणी मोकळा सोडला होता, यातले काहीही प्रेक्षकाला समजत नाही. खेळलेल्या माणसाला ते आपोआप कळते, आणि म्हणूनच खेळलेल्या माणसाचे मत या बाबतीत निरुपयोगी आहे. तुझेही. माझेही.

आपल्या कबड्डीकडे पाहा. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या यशाचे श्रेय लोकांनी दिव्यांना, संगीताला आणि सिनेनटांना दिले. माझ्या मते खरे कारण खेळाच्या घडणीत होते. चढाई करणारा एकच असतो, त्याच्याकडे तीस सेकंद असतात, आणि नजर कुठे ठेवायची हे घरातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. तू म्हणशील की कबड्डी आपल्या मातीतली आहे, ती प्रत्येकाने लहानपणी खेळलेली असते. मान्य आहे, पण टीव्हीपुढे बसलेल्यांत ती कधीच न खेळलेले लोकही होते, आणि त्यांनाही चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना श्वास रोखावासा वाटला. पेंटबॉलमधला असा क्षण कोणता, याचे उत्तर तुझ्या आराखड्यात मला सापडले नाही, आणि ते सापडेपर्यंत ड्रोन कॅमेऱ्यांवरची पाने वाचण्याचा धीर माझ्यात नाही.

आता पैशाबद्दल, कारण तू सगळ्यात जास्त त्याच्याबद्दल लिहिले आहेस. या खेळातील स्पर्धा हौशी संघांच्या प्रवेशशुल्कावर आणि सामान विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर चालतात. दोन हजार गोळ्यांची पेटी जितक्या झपाट्याने रिकामी होईल तितका विक्रेत्याचा फायदा असतो; प्रेक्षकाला मात्र प्रत्येक गोळीला काही अर्थ असावा असे वाटते. इलेक्ट्रॉनिक मार्करची मर्यादा पूर्वीच्या सेकंदाला पंधरा गोळ्यांच्या आसपासवरून दहाच्या आसपास आली तेव्हाही कुरकुर झाली होती. ती आणखी खाली आणावी, असे मी सांगत आलो आहे आणि त्यासाठी खेळाचा शत्रू हे विशेषणही ऐकले आहे. गोळ्यांचा पाऊस कमी झाला की खेळाडू हलतो, आणि तो हलला की पाहणाऱ्याला काहीतरी दिसते. मी तेव्हा हट्टी होतो असे जुने सहकारी सांगतील. मी आजही तितकाच हट्टी आहे आणि मला त्याचा खेद नाही.

खेद वेगळ्याच गोष्टीचा आहे. 2000 च्या दशकाच्या मध्यात हा खेळ ईएसपीएनच्या वाहिनीपर्यंत पोचला होता. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत दोन मोठ्या मालिका समोरासमोर उभ्या होत्या: एनपीपीएलमध्ये सात-सात खेळाडू, तर पीएसपीकडे पाच-पाचांचा एक्स-बॉल. एका शनिवारी एक पद्धत शिकलेल्या प्रेक्षकाने पुढच्या वेळी दुसरी का शिकावी? पुढे 2008 च्या मंदीचा तडाखा बसला, पीएसपी 2014 पर्यंत टिकली आणि 2015 पासून तिच्या जागी एनएक्सएल ही मालिका सुरू झाली. आज प्रक्षेपण कितीतरी सुधारले आहे, मॅटी मार्शल यांच्यासारखा माजी खेळाडू समालोचनात जीव ओततो, सॅन डिएगो डायनेस्टीसारख्या नामांकित संघाचा सामना असला की जाळीलगत गर्दी होते. पण त्या गर्दीत खेळायला आलेल्या इतर संघांचीच माणसे किती असतात, हे तू स्वतः पाहिले आहेस. मी एका आयोजकाला सुचवले होते की प्रत्येक गुणानंतर अर्धा मिनिट थांबून, मैदानाच्या नकाशावर, लढत कुठे फिरली ते दाखवावे. वेळापत्रकात बसत नाही, असे उत्तर मिळाले. दिवसभरात शेकडो हौशी सामने उरकायचे होते, आणि शुल्क ते हौशी संघच भरत होते. त्यांची अडचण खरी होती, पण त्यांच्या जागी मी असतो तर सामने कमी केले असते.

तू नोकरी सोडण्याचे विचारले आहेस. सोडू नकोस. वरच्या पातळीवर खेळणाऱ्या बहुतेकांना आजही पोटासाठी दुसरे काम करावे लागते, आणि भाड्याची चिंता असलेला माणूस पहिल्या प्रायोजकाची प्रत्येक अट मान्य करतो. तुला अटी नाकारता आल्या पाहिजेत. न खेळणाऱ्याला खेळ कळला पाहिजे, हे पुन्हा लिहितो, कारण तुझ्या पुढच्या बैठकीत या एका वाक्यावरच सगळे तुला गप्प करायला पाहतील. त्यांना आधी भांडवल हवे असेल, आधी तारे हवे असतील. मास्कमागचा तारा ओळखणार कोण, एवढेच त्यांना विचार.

आराखडा पुन्हा लिहायला घेण्याआधी एक काम कर. पेंटबॉलच्या गेल्या वर्ल्ड कपमधील एखाद्या सामन्याची पंधरा मिनिटे घे आणि ती तुझ्या आईला, शेजारच्या आजोबांना, कार्यालयातल्या कुणालाही दाखव. मध्ये एक अक्षर बोलू नकोस. नंतर फक्त विचार की कोण जिंकत होते आणि कशामुळे. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव; नवे नियम आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
काका