हिमालयातला 'यती' आणि आपला 'यती'

प्रश्न असा : हिमालयातल्या गूढ प्राण्याला आपण 'यती' म्हणतो, तो संस्कृतातला 'यती', म्हणजे संन्यासीच का? आणि त्याला 'हिममानव' म्हणावं का?

या दोन 'यतीं'चं नातं नाही. संस्कृत 'यति' हा 'यत्', म्हणजे झटणे, या धातूपासून आला. तत्सम शब्दाचा शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहितात, त्यामुळे तो शेर्पांकडून आलेल्या शब्दाशी हुबेहूब जुळला. त्यात गुहा, एकांत, जटा हे सगळं डोळ्यांपुढे येतं आणि चुकीची व्युत्पत्ती पटून जाते.

प्राण्याच्या नावाचं मूळ बहुतेक अभ्यासक तिबेटी मानतात : 'या' म्हणजे खडकाळ जागा, 'ते' म्हणजे अस्वल. शेर्पा 'मि-ते' असंही म्हणतात; 'मि' म्हणजे माणूस. म्हणजे माणूस नावात होता, पण अस्वलाला जोडून.

अस्वल गळालं ते १९२१ नंतर. त्या वर्षी एव्हरेस्टच्या पाहणीला गेलेल्या हॉवर्ड-बरी यांच्या तुकडीला ल्हाकपा ला खिंडीजवळ पावलांचे ठसे दिसले. ते लांडग्याचे असावेत, मऊ बर्फात एकावर एक पडून माणसाच्या अनवाणी पावलांसारखे झाले असावेत, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. हमालांनी मात्र 'मेतोह-कांगमी' हे नाव सांगितलं. 'कांगमी' म्हणजे बर्फातला माणूस. कोलकात्याच्या 'स्टेट्समन'मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी 'मेतोह'चा, म्हणजे वरच्या 'मि-ते'चाच, अर्थ 'घाणेरडा' असा लावला आणि इंग्रजीत 'अबॉमिनेबल स्नोमॅन' जन्माला आला. पुढे या नावानंच प्राणी घडवला, असं मला ठामपणे वाटतं. शेर्पांच्या वर्णनांत केस तांबूस-तपकिरी असतात. चित्रांतला यती पांढराशुभ्र झाला, कारण 'बर्फातला माणूस' आणखी कसा दिसणार! १९५१ मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर टिपलेल्या ठशाच्या छायाचित्रानं तर तो दोन पायांवर पक्का उभा राहिला. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जनुकीय चाचणीत तपासले गेले, तेव्हा आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

'हिममानव' हे त्या इंग्रजी नावाचंच भाषांतर, तेही 'घाणेरडा' वगळून. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या दंतकथेबद्दल लिहिताना ते चालेल. शेर्पांच्या प्राण्याबद्दल लिहिताना 'यती'च लिहावं; कोशात मात्र संन्यासी यतीपासून त्याची नोंद वेगळी हवी.