जुन्या घरातली न्हाणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गुहागर तालुका): ताई नमस्कार, आमचं गावचं घर पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मागच्या पडवीला लागून न्हाणी आहे, कोपऱ्यात पाणचूल, खाली मोठा दगड बसवलेला. आता आईबाबा रिटायर होऊन तिकडेच राहणार आहेत. बहीण म्हणते सगळं पाडा आणि मुंबईसारखं टाइल्सचं बाथरूम करा, मला मात्र न्हाणी न्हाणीसारखीच हवी आहे, बंब आणि घंगाळ अजून माळ्यावर आहेत. आईचे गुडघे दुखतात, पाटावर बसणं जमत नाही. गवंडी म्हणतो भिंतींना सिमेंट मारून वर टाइल्स लावू, दहा दिवसांत काम खलास. काय करावं?

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे गवंड्याला थांबवा. टाइल्स वाईट असं माझं म्हणणं नाही, पण जांभ्याच्या, म्हणजे तुमच्या चिऱ्याच्या, भिंतीवर सिमेंट आणि त्यावर टाइल्स म्हणजे भिंतीचं नाक दाबणं आहे. जांभा सच्छिद्र असतो, तो जमिनीतली आणि पावसातली ओल पितो आणि वारा लागला की सोडून देतो, रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तरी ही घरं शंभर वर्षं उभी आहेत त्याचं मोठं कारण हेच. आतून वाट बंद केली की ती ओल दुसरीकडून निघते, म्हणजे शेजारच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत नाहीतर वर वाशांच्या टोकांत, आणि ओल्या लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत टाइल्सच्या मागे पोकळ आवाज यायला लागतो तो वेगळाच.

तुमच्या आधीच्या पिढ्यांनी न्हाणी कशी बांधली होती ते आधी नीट बघा, कारण तिचं खरं जुनेपण तांब्यापितळेत नाही, पाणी पडल्यावर ते कुठे जातं आणि जागा किती लवकर वाळते यात आहे. जमिनीला भरपूर उतार, एका कोपऱ्यात मोरी, मोरीचं पाणी बाहेर अळवाला नाहीतर केळीला, वर कौलं आणि भिंतीच्या मधली फट जिच्यातून वाफ निघून जाते. म्हणून फॉल्स सीलिंग अजिबात नको, ती फट बुजवायची नाही, फार तर डासांसाठी जाळी मारा. उजेड कमी असेल तर दोन-चार काचेची कौलं घाला, सकाळच्या बाजूला घातलीत तर न्हाणी दुपारपर्यंत कोरडी होते.

आता शॉवर आणि पाइपांचं. चिऱ्यात झिऱ्या मारून पाइप पुरू नका, दगड ठिसूळ होतो आणि लीकेज झालं तर कळत नाही. त्याऐवजी एका बाजूला, जुन्या भिंतीपासून हातभर जागा सोडून, साडेचार इंची विटांची नवी भिंत उभी करा, पुरुषभर उंच पुरे, छपरापर्यंत न्यायची गरज नाही. नळ, शॉवर, मिक्सर आणि हव्या असतील तर बहिणीच्या आवडीच्या टाइल्स, सगळं त्या नव्या भिंतीवर घ्या, म्हणजे शिंतोडे तिथेच अडतात, जुनी भिंत मोकळी राहते आणि उद्या पाइप बदलायचा झाला तरी मागून हात जातो. बाकीच्या भिंतींना चुन्याचा गिलावा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, पाणी उडतं त्या उंचीपर्यंत वाळूचा थोडा भाग काढून त्याजागी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, कारण सुरखीने चुना पाण्याला टिकतो. चुना हळूहळू पकडतो, गिलावा निदान आठवडाभर ओला ठेवावा लागतो, त्यामुळे दहा दिवसांचा हिशोब विसरा. दिवाळीनंतर काम काढलंत तर पावसाळ्याआधी भिंत पक्की होईल.

खालचा जुना दगड काढू नका, तो फुकट मिळालेली सगळ्यात चांगली जमीन आहे. हलला असेल तर उचलून परत बसवा आणि भोवती शहाबादी फरशी घ्या, पॉलिश केलेली नको, खरबरीत. उतार फुटाला पाव इंच, म्हणजे सहा फुटांच्या जागेत दीड इंच होतो, गवंडी एवढा द्यायला कुरकुर करतात पण सोडू नका, लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून स्वतः बघा. काम संपलं की चार बादल्या ओतून बघायच्या, कुठेही डबकं राहिलं तर पैसे द्यायचे नाहीत. मोरीच्या तोंडाला न्हाणी ट्रॅप हवाच, त्यात पाणी उभं राहतं म्हणून झुरळं आणि वास वर येत नाही.

आईंसाठी पाटाऐवजी न्हाणीतच दगडी कट्टा बांधा, साधारण 18 इंच उंच, बसून अंगावर पाणी घेता येईल इतका रुंद, कडा गोल घासून घेतलेल्या. घंगाळ मग जमिनीवर ठेवलं तर त्यांना वाकावं लागेल, म्हणून कट्ट्याच्या उजव्या हाताला तेवढ्याच उंचीचा छोटा ओटा करा आणि घंगाळ त्यावर. धरायचा दांडा नव्या विटांच्या भिंतीला आरपार बोल्टने, जांभ्यात स्क्रू धरत नाही. दार बाहेर उघडणारं करा, आत कोणी पडलं तर दार अडकत नाही. उंबरा असेल तर तिथे आईसाठी उतरता दगड बसवा.

बंबाबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. बंब वापरा, जरूर वापरा, नारळाची सोडणं आणि करवंट्या घरच्याच असतात आणि पावसाळ्यात लाइट गेली तरी गरम पाणी मिळतं, पण तो बंद न्हाणीत पेटवू नका. जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी पाणचुलीचं तोंड बाहेरून असायचं आणि भांडं तेवढं आत, त्यात शहाणपण होतं. तुमची चूल आत असेल तर तिचं तोंड पडवीत फिरवून घ्या, नाहीतर बंब पडवीतच ठेवा. गॅस गीझरलाही हाच नियम. बंब रिकामा कधी पेटवायचा नाही, डाग दिलेले सांधे उकलतात. इतकी वर्षं माळ्यावर आहे तर आधी पाणी भरून रात्रभर ठेवा, गळत असेल तर तांबट शोधा.

इलेक्ट्रिक गीझरही ठेवा, स्विच बाहेर, आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच, यात काटकसर नको.

कमोड न्हाणीत घालू नका, शेजारी वेगळं दार करून घ्या. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला, जांभ्यातून पाणी झपाट्याने सरकतं.

प्रश्न (वाई): आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर पाटईची, म्हणजे लाकडी फळ्यांची, जमीन आहे, तिथेच जुन्या पद्धतीचं बाथरूम होईल का? सासूबाईंना खाली उतरायला नको म्हणून.

उत्तर: करू नका हो. पाच बाय सात फुटांच्या जागेत चार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला तर त्याचंच वजन 600 किलोच्या वर जातं, त्यावर फरशी, पाणी, माणसं. तुळयांनी वजन सोसलं तरी ओल सोसणार नाही, तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथेच ती कुजते आणि ते वरून दिसत नाही. सासूबाईंची झोपायची खोलीच खाली आणा आणि न्हाणी मागच्या चौकाला लागून बांधा. अगदीच शक्य नसेल तर मुख्य वाड्याला चिकटून, पण स्वतःच्या पायावर उभं असं बाथरूम मागून चढवता येतं, त्यासाठी मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअर आधी बोलवा.

प्रश्न (सातारा): न्हाणीतली शहाबादी पांढरी पडली आहे आणि गुळगुळीत पण. ॲसिड मारू का?

उत्तर: ॲसिड नको! शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिडने तो विरघळतो, आज स्वच्छ दिसेल आणि उद्या खड्डे. चिंच आणि लिंबूसुद्धा त्याला चालत नाही, म्हणून तांब्याची भांडी त्या फरशीवर ठेवून घासू नका, बाहेर अंगणात घासा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश, थोडी मेहनत लागेल पण निघतं. गुळगुळीत झालेल्या भागावर पाथरवटाकडून छिन्नीने हलकी टाकी मारून घ्या, फरशी बदलायची गरज नाही.