गिअरबॉक्सला ताप? आधी थर्मामीटर लावा

मार्च उजाडला की ऑटोमॅटिक गाड्यांच्या गरम तेलाची पत्रं वाढतात. त्यातली पाच इथे घेतोय. कूलर म्हणजे इथे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर.

प्रश्न : माझी २०१७ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक). रीमॅप केली आहे, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली आहे. कोइम्बतूरला ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या झाल्या की गिअर पडायला वेळ लागतो. कोणता कूलर घेऊ? (पुणे)

ब्रँड नंतर बघू. तेल किती तापतं, ते पाहिलंत का? स्वस्तातला स्कॅनर बहुधा इंजिनाचेच आकडे दाखवतो. गिअरबॉक्सचं तापमान वाचणारा स्कॅनर मित्राकडून मागून आणा आणि प्रत्येक फेरीनंतर आकडा लिहून ठेवा. ९०-१०० अंश म्हणजे ठणठणीत. १२०च्या पुढे जाऊन परत खाली येत नसेल, तर कूलर हवाच. आकडा नॉर्मल असताना गाडी रेंगाळत असेल, तर दुखणं क्लचचं किंवा रीमॅपचं आहे. गाडीचं मूळ टॉर्कच ३५० न्यूटन-मीटर. तुमच्या डीक्यू२५० गिअरबॉक्सची मर्यादाही जवळपास तेवढीच. रीमॅपवाल्याने वर किती चढवलं, ते त्याला विचारा.

आता कूलर. तुमच्या गिअरबॉक्सवर मुळात एक छोटा कूलर आहेच, पण तो इंजिनाच्या कूलंटवर चालतो. कूलंटच शंभराच्या आसपास पोचलं, तर तेल त्याच्या खाली कसं येणार? म्हणून ट्रॅकवाले पुढच्या बंपरमागे हवेवर चालणारा कूलर जोडतात. घेताना प्लेटवाला (चपट्या पट्ट्यांच्या थरांतून तेल फिरवणारा) घ्या आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरची वाट उघडणारी झडप, असलेलंच किट घ्या. नाहीतर डिसेंबरच्या सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत तेल कोमटच राहील आणि गिअर धक्के देत बदलतील.

आणि एक गोष्ट, जी बरेच मेकॅनिक विसरतात. या गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी ३५ ते ४५ अंशांवर बघतात. त्या वेळी थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे नवा कूलर आणि त्याचे पाइप जवळजवळ रिकामेच. पातळी बरोबर दिसते, गाडी निघते, तेल तापतं, थर्मोस्टॅट उघडतो आणि तेवढं तेल कूलरमध्ये जाऊन बसतं. आत कमी पडतं. म्हणून कूलर बसवण्याआधीच तेलाने भरून घ्या, एक गरम चक्कर मारा, गाडी थंड होऊ द्या आणि मग पातळी पुन्हा बघा.

प्रश्न : व्हर्टस जीटी, दीड लिटर, डीएसजी. खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना आली. यालाही कूलर लावता येईल का? (सातारा)

नको. पैसे वाचवा. तुमची सात गिअरची डीएसजी कोरड्या क्लचची आहे. क्लच तेलात बुडालेले नसतात, ते हवेवरच थंड होतात. तेल थंड करून क्लचला काही फरक पडत नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. इंच-इंच सरकण्यापेक्षा पुढे एका गाडीची जागा होऊ द्या, मग एकदाच जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

प्रश्न : ह्यूस्टनला राहतो. जुन्या कॅमॅरोत ४एल६०ई गिअरबॉक्स आणि ३००० आरपीएम स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आहे. दुकानात कूलरच्या खोक्यांवर गाडीचं वजन लिहिलेलं असतं. कुठलं वजन धरू? आणि रेडिएटरमधून जाणारी तेलाची लाइन ठेवू की काढू?

ते वजन ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी असतं. तुमची उष्णता वजनातून नाही, कन्व्हर्टरच्या घसरणीतून येते. ३००० स्टॉल म्हणजे साधारण ३००० आरपीएमपर्यंत कन्व्हर्टर पुरता पकडत नाही, म्हणून शहरात गाडी सतत घसरणीवरच चालते आणि तो सगळा फरक तेलात उष्णता होऊन जातो. म्हणून वजनाच्या हिशेबापेक्षा एक-दोन साइझ मोठाच घ्या. नळी आणि फिनवाला (नळीवर पातळ पत्र्याचे पंख असलेला) कूलर स्वस्त पडतो. पण त्यात तेल एकाच लांब नळीतून फिरतं आणि नळीच्या मधल्या भागातलं तेल गरमच राहतं. प्लेटवाल्यात ते अनेक वाटांनी, घुसळत जातं. तेवढ्याच जागेत काम जास्त.

रेडिएटरची लाइन मी असतो तर ठेवली असती. गिअरबॉक्समधून तेल आधी रेडिएटरला, मग हवेच्या कूलरला, तिथून परत. उलटं जोडलंत तर थंड झालेलं तेल रेडिएटर पुन्हा तापवतो. रेडिएटर जुना असेल तर मात्र आधी बदला. रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटला की तेल आणि कूलंट एकत्र होतात आणि गिअरबॉक्समध्ये गुलाबी मिल्कशेक तयार होतो. त्यात क्लचचं अस्तर भिजून सुटतं.

कुठली लाइन जाणारी, कुठली येणारी? गाडी थंड असताना चालू करा आणि दोन्ही पाइपांवर हात ठेवा. आधी गरम होते ती जाणारी.

प्रश्न : तेल काळं पडलंय, करपल्यासारखा वास येतो. कूलर लावून सुधारेल? (नाशिक)

नाही. करपलेलं तेल म्हणजे जळलेला क्लच. गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन उघडा आणि आतल्या चुंबकावर बोट फिरवा. बारीक करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे असतील तर गिअरबॉक्स उघडण्याची तयारी ठेवा.

गिअरबॉक्स नवा किंवा दुरुस्त करून बसवलात, तर जुना कूलर फेकून द्या. प्लेटवाल्या कूलरच्या बारीक वाटांत अडकलेली भुकटी फ्लश मारूनही पूर्ण निघत नाही. हे मी माझ्याच हाताने शिकलोय. एका गाडीला जुना कूलर धुऊन पुन्हा लावला, दोन महिन्यांत व्हॉल्व्ह अडकला आणि दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायचा खर्च माझ्या खिशातून गेला.

प्रश्न : कूलर बसवून घेतलाय. एसीच्या कंडेन्सरच्या फिनांमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून आवळलाय. चालेल? (कोल्हापूर)

आजच काढा. धक्क्यांनी दोन्हींचे फिन एकमेकांवर घासतात आणि एक दिवस कंडेन्सरला भोक पडतं. लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट करून रबराच्या बुशवर बसवा, मध्ये बोटभर जागा सोडा. दोन्ही तोंडं वर किंवा बाजूला राहू द्या, खाली असतील तर आत हवा अडकते. होजही तेलाचा, दाब सोसणारा घ्या. तुमच्या फोटोत दिसतोय तो पेट्रोलचा आहे.