सासूबाईंना प्रोटीन पावडर द्यावी का?

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, माळकरी, वजन ५० किलो. दोन्ही वेळेला एकेक कडक भाकरी नि शेंगाचटणी, मधे चहा. हल्ली खाली बसल्या की उठताना हात द्यावा लागतो. मुलगा पावडरचा डबा आणतो म्हणतोय. आणू द्यावा का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, डबा राहू द्या, आधी ताट बघू. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात स्नायू झिजतात म्हणून मी १ ग्रॅम धरते. म्हणजे सासूबाईंना ५० ग्रॅम. दोन भाकऱ्यांतून साधारण १३, दोन मोठे चमचे चटणीतून ५. बाकीची कुठून येणार?

सोलापुरी शेंगाचटणी मला जिवापाड आवडते, पण तिच्यावर सगळी भिस्त नको. ज्वारीत आणि शेंगदाण्यातही लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं. ते डाळींत भरपूर! म्हणून कडक भाकरी घट्ट आमटीत कुस्करून द्या, दातांनाही सोपं जाईल. सकाळी नुसत्या चहाऐवजी पेलाभर दूध, सोबत मुगाचं धिरडं. दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी मटकीची उसळ किंवा पिठलं. सगळं रात्रीवर ढकलू नका. शरीर जादा प्रथिनं चरबीसारखी साठवून ठेवत नाही. आणि खुर्चीवरून उठ-बस रोज करून घ्या, त्याशिवाय स्नायूंना जोर येत नाही.

मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारा.