रंग गेलेले पाणी आणि उरलेले विष: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा क्लोरीन वापरून, म्हणजेच रासायनिक ऑक्सिडीकरणाने, शुद्ध केलेले पाणी खरोखर निर्विष झाले की नाही हे कसे ओळखावे, या आशयाची बरीच पत्रे या वेळी खान्देशातून आली आहेत. त्यांतली काही निवडली आहेत.

प्रश्न : शिरपूर तालुक्यातील कापड रंगणीच्या कारखान्यात मी ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) सांभाळतो. फेंटन प्रक्रियेनंतर पाणी नितळ होते, सीओडीही (पाण्यातल्या द्रव्यांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या खाली येतो, तरी त्यात सोडलेले मासे दुसऱ्या दिवशी मरून तरंगतात. असे का होते?

सामान्य सांडपाण्यासाठी आपल्याकडे जी मानके आहेत, त्यांत सीओडीच्या २५० च्या मर्यादेबरोबरच जैवचाचणीचीही अट आहे : कोणतेही पाणी न मिसळलेल्या, म्हणजे शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. पहिली अट पाळली म्हणजे दुसरी आपोआप पाळली जाते, अशी समजूत कारखान्यांत सर्रास दिसते आणि तीच तुम्हाला अडचणीत आणते आहे.

माशांना सर्वांत आधी मारते ते बहुधा तुमचेच औषध. फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवलेली ही अभिक्रिया लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यावर चालते, आणि ती पीएच ३ च्या आसपास उत्तम चालते. सगळे पेरॉक्साइड खर्ची पडतेच असे नाही, आणि उरलेले पेरॉक्साइड मासे, डॅफ्निया (गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव), जिवाणू अशा सर्वांनाच बाधते. शिवाय ते सीओडीच्या चाचणीतही लुडबुड करते : एक मिलिग्रॅम पेरॉक्साइड सुमारे ०.४७ मिलिग्रॅम सीओडी म्हणून मोजले जाते. लिटरमागे २०० मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरले असेल, तर तुमच्या आकड्यात जवळजवळ ९४ ची भर केवळ त्याचीच असते.

म्हणून चाचणीआधी ते घालवावे लागते, आणि इथेच पुष्कळांचा हात चुकतो. सोडियम सल्फाइट ओतून काम झटपट होते खरे, परंतु जास्त झालेले सल्फाइट पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकते. मासे मग गुदमरून मरतात आणि दोष सांडपाण्याच्या माथी येतो. माझी पसंती कॅटालेज एन्झाइमला आहे. कच्च्या बटाट्याची चकती पेरॉक्साइडमध्ये टाकल्यावर जो फेस येतो, तो याच एन्झाइममुळे. मात्र आम्लधर्मी पाण्यात ते निकामी होते, त्यामुळे आधी पीएच ७ च्या जवळ आणावा, लोहाचा तपकिरी गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी बीकरमध्ये घेऊन तिच्यात कॅटालेज घालावे आणि बुडबुडे थांबल्यावर पेरॉक्साइडच्या पट्टीने खात्री करावी. दुसऱ्या बीकरमध्ये साधे पाणी आणि तेवढेच कॅटालेज घेऊन त्यातही जीव सोडावेत; नाहीतर एन्झाइमच्या बाटलीतल्या इतर घटकांचा परिणाम वेगळा कळत नाही. गाळ नीट बसला नसेल, तर लोहाचे बारीक कण माशांच्या कल्ल्यांवर चिकटतात, तेही मृत्यूचे कारण ठरू शकते.

एवढे करूनही मासे मेले, तर मग संशय अर्धवट तुटलेल्या रेणूंवर घ्यावा. कापडाच्या ॲझो रंगद्रव्याचा रंग दोन नायट्रोजन अणूंच्या जोडबंधाभोवती उभा असतो. तो बंध तुटला की डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसते, पण रेणूतली बेंझिनची कडी शाबूत राहू शकतात. फिनॉलचे उदाहरण याहून बोलके आहे. फिनॉलच्या पाण्यावर फेंटन सुरू केले की ते आधी गडद तपकिरी होते आणि मग हळूहळू उजळते. त्या तपकिरी टप्प्यात हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार झालेले असतात आणि प्रकाशमान जिवाणूंच्या चाचणीत ते मूळ फिनॉलहून कितीतरी पटींनी विषारी ठरतात. प्रक्रिया त्याच टप्प्यावर थांबवली, तर सांडपाणी आत आले होते त्याहून घातक होऊन बाहेर पडते. पुढे चालू ठेवली, तर कडी उघडून ऑक्झॅलिक, फॉर्मिक यांसारखी लहान आम्ले उरतात आणि विषारीपणा उतरतो.

तेव्हा एकच अंतिम नमुना न तपासता ०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांचे नमुने घ्या, प्रत्येकातले पेरॉक्साइड त्याच क्षणी संपवा आणि विषारीपणाचा आलेख काढा. तो आधी वर चढून मग उतरत असेल, तर तुमची टाकी चढावर थांबते की उतारावर, एवढेच ठरवायचे उरते.

प्रश्न : मी जळगाव येथे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. मार्गदर्शक म्हणतात प्रकाशमान जिवाणू पुरेत, सहकारी म्हणतात डॅफ्नियाशिवाय शोधनिबंध कोणी घेणार नाही. कोणती चाचणी निवडावी?

निबंध कोण घेईल हा विचार बाजूला ठेवू आणि तुमच्या पाण्यात काय आहे ते पाहू. प्रकाशमान जिवाणूंची चाचणी, म्हणजे व्हिब्रिओ फिशेरीचा उजेड किती मंदावला ते मोजणे, ५, १५ किंवा ३० मिनिटांत आटोपते आणि वर सांगितलेला काळानुसारचा आलेख काढायला तिच्याइतकी सोयीची दुसरी चाचणी नाही. पण हा समुद्रातला जीव आहे. त्याला २ टक्के मीठ लागते आणि मापन १५ अंश सेल्सिअसला करावे लागते. मे महिन्यात जळगावात पारा ४५ कडे सरकतो आणि दुपारी वीज जाते. तेव्हा थंड ठेवणाऱ्या उपकरणाला इन्व्हर्टर आहे का, हे नमुने गोळा करण्याआधी पाहा. नमुना रंगीत असेल तर तो रंगच जिवाणूंचा उजेड शोषतो आणि नसलेला विषारीपणा दिसतो. त्याची दुरुस्ती करावीच लागते.

डॅफ्नियाच्या चाचणीत २४ तासांहून लहान पिल्ले घेतात, प्रत्येक तीव्रतेला निदान २०, बहुधा पाच-पाचच्या चार भांड्यांत, आणि ४८ तासांनी किती निश्चल झाली ते मोजतात. भांडे हलके हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही, ते निश्चल. साध्या पाण्यातल्या पिल्लांपैकी १० टक्क्यांहून जास्त निश्चल झाली, तर सगळी चाचणी रद्द समजावी. पिल्लांची तब्येत ओळखायला पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात : त्याचे २४ तासांचे ईसी-५०, म्हणजे निम्मी पिल्ले निश्चल करणारे प्रमाण, लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवे. हे करून न पाहता दिलेल्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

दोहोंत निवड करताना एक गोष्ट निर्णायक आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके चेतासंस्थेवर घाव घालतात. जिवाणूला चेतासंस्थाच नसते, म्हणून तो अशा पाण्यातही खुशाल चमकत राहतो, तर डॅफ्निया अत्यल्प मात्रेने आडवे पडते. याउलट शेवाळे तणनाशकाला जशी दाद देतात तशी डॅफ्निया देत नाहीत. म्हणून निदान दोन वेगळ्या पातळ्यांवरचे जीव घ्या; आलेखासाठी जिवाणू आणि सुरुवातीच्या व शेवटच्या नमुन्यासाठी डॅफ्निया, अशी वाटणी परवडते. निकाल विषारीपणाच्या एककांत द्या, म्हणजे १०० भागिले टक्क्यांतले ईसी-५०. वीस टक्के सांडपाण्यात निम्मी पिल्ले निश्चल झाली, तर एकके ५. ईसी-५० जसे खाली येते तसा विषारीपणा वाढतो, हा उलटा हिशेब वाचणाऱ्याच्या डोक्यात घालायचा नसेल, तर हे एकक बरे.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आणि कपाशी आहे. विहिरीच्या काठावरच फवारणीचे पंप धुतले जात असल्याने पाण्याला औषधाचा वास येतो. एक विक्रेता ओझोनचे यंत्र घ्या, वास जाईल म्हणतो. घ्यावे का?

वास जाईल, पण तेवढ्यावर भुलू नका. क्लोरपायरिफॉससारख्या औषधाच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेले असते. ओझोन किंवा क्लोरीन आधी या गंधकाच्या जागी प्राणवायू बसवतात, आणि तयार होतो ऑक्सॉन. कीटकाच्या शरीरातही औषध याच रूपात येऊन मज्जातंतूंचे काम पाहणारे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवते, म्हणजे यंत्र कीटकाच्या पोटातले काम तुमच्या विहिरीवरच उरकून देते. प्रक्रिया पुरेशी लांबवली तर ऑक्सॉनही मोडते. परंतु विक्रेत्याचे यंत्र त्या टप्प्यापर्यंत जाते का, हे त्या एन्झाइमची चाचणी केल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि अशा यंत्राच्या पत्रकात ती मला आजवर आढळलेली नाही.

त्याला एवढेच विचारा की प्रक्रियेनंतरच्या पाण्यात ऑक्सॉन किती उरते. नुसता मूळ औषध किती कमी झाले याचा आकडा सांगितला, तर पैसे खिशात ठेवा. क्लोरपायरिफॉस सक्रिय कोळशावर चांगले धरले जाते आणि तिथे नवे रसायन तयार होत नाही, म्हणून तुमच्या कामाला कोळशाची गाळणी अधिक योग्य. मात्र कोळसा भरला की बदलावा लागतो. त्याआधी पंप धुण्याची जागा विहिरीपासून दूर न्या आणि पिण्याचे पाणी तूर्त दुसरीकडून आणा.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीतील आमच्या सांडपाण्याचा जीसी-एमएस (पाण्यातली संयुगे वेगळी करून ओळखणारे यंत्र) अहवाल पूर्ण स्वच्छ आला, तरी जैवचाचणी नापास. यंत्र खोटे की मासे?

दोन्ही खरे बोलत आहेत. जीसी-एमएसला तेच रेणू दिसतात जे उष्णतेने वाफ होऊन स्तंभातून जातात. ऑक्सिडीकरणाने रेणूला प्राणवायूचे गट चिकटतात, तो पाण्यात अधिक विरघळणारा आणि कमी उडणारा होतो आणि यंत्राच्या नजरेतून सुटतो. त्यातही प्रयोगशाळा बहुधा ठरावीक यादीतलीच संयुगे शोधते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की शहरी ओढ्यांत परतणारे कोहो सामन मासे तडफडून मरत. हे वर्षानुवर्षे चालले होते आणि ज्ञात विषांच्या यादीत कारण सापडत नव्हते. अखेर डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले : टायरला ओझोनपासून वाचवण्यासाठी रबरात ६-पीपीडी मिसळतात, ते ओझोनशी संयोग पावून ६-पीपीडी-क्विनोन होते, आणि लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहून कमी मात्रा त्या माशांना पुरते. संशोधकांनी ते शोधले ते माशांच्याच मदतीने. अर्काचे भाग पाडत गेले आणि ज्या भागाने मासे मेले तेवढाच पुढे नेला. तुमच्याही सल्लागाराला हीच दिशा सुचवा. त्याआधी क्षार, अमोनिया आणि उरलेला ऑक्सिडीकारक तपासून घ्या. निम्म्या प्रकरणांत कोडे तिथेच सुटेल असे माझे मत आहे.

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील गावात मी जलसुरक्षक आहे. टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडरमुळे पाण्यात कर्करोगकारक द्रव्ये होतात असे गावात बोलले जाते. पावडर बंद करावी का?

बंद करू नका. क्लोरीन पाण्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन द्रव्ये तयार करतो, ही गोष्ट नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवली आणि ती खरी आहे. म्हणून भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. परंतु अतिसार आणि काविळीचा धोका आजचा असतो. तुमच्या हाती आहे ते हे : पावसाळ्यात तापीचे पाणी गढूळ येते तेव्हा आधी तुरटीने गाळ बसू द्या, मग पावडर टाका, अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्टला, म्हणजे उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या रंगाच्या चाचणीला, शेवटच्या नळावर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसेल एवढीच मात्रा ठेवा. मात्र शाळेच्या हौदात मासे सोडायचे असतील, तर तेच ०.२ त्यांना घातक ठरू शकते. त्यासाठी पाणी आधी थायोसल्फेटने क्लोरीनमुक्त करावे लागते.

प्रश्न : साक्री तालुक्यातील माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. महागड्या उपकरणांशिवाय विद्यार्थ्यांना विषारीपणा कसा दाखवावा?

तुमच्या तालुक्यात कांदा आहे, म्हणजे प्रयोगशाळा आहे. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये पेशीविभाजन रोखणाऱ्या कोल्चिसिनचा परिणाम कांद्याच्या मुळांवर पाहिला, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे आणि आजही ती गंभीर संशोधनात वापरतात.

सारख्या आकाराचे, उगवण रोखण्याची कोणतीही प्रक्रिया न केलेले लहान कांदे घ्या. बाहेरची सुटी साल काढा, तळाची वाळलेली मुळे चाकूने खरवडा, पण मुळे फुटतात ती कडा दुखवू नका. प्रत्येक नमुन्यासाठी निदान पाच कांदे, पाणी काठोकाठ भरलेल्या काचेच्या पेल्यांवर तळ पाण्याला जेमतेम टेकेल असे ठेवा आणि पाणी रोज बदला. तीन दिवसांनी प्रत्येक कांद्याच्या मुळांच्या झुपक्याची लांबी पट्टीने मोजा. विषारी पाण्यात मुळे खुरटतात, टोके तपकिरी पडतात, कधी आकड्यासारखी वळतात. मुलांना हे दाखवायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

एका गोष्टीला जपा. कारखान्यात आम्ल आणि चुना घालून शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि मुळे नुसत्या क्षारानेही खुरटतात. म्हणून साध्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या गटांखेरीज तिसरा गट तितक्याच विद्युतवाहकतेच्या मिठाच्या पाण्याचा ठेवा. मिठाच्या गटात आणि सांडपाण्याच्या गटात जेवढा फरक पडेल, तेवढाच ऑक्सिडीकरणाच्या माथी मारा. पेले अंधारात आणि २० अंशांच्या जवळपास ठेवायचे असतात, तेव्हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्या. उन्हाळ्यात विहिरीच्या साध्या पाण्यातला कांदासुद्धा सडेल आणि मुले विहिरीला दोष देतील.