गुहागरच्या माळ्यावर स्की कशाला?

प्रश्न: मी गुहागरला चार खोल्यांचा होमस्टे चालवते. वय 41. तीन वर्षांपूर्वी स्कीइंगची गोडी लागली, तेव्हापासून दर मार्चमध्ये पाच दिवस गुलमर्गला जाते. यंदा एका दुकानातून बायकांसाठीच्या तीन डेमो स्की (वापरून पाहायला भाड्याने मिळतात त्या) एकाच दिवशी वापरून पाहिल्या. सकाळी नऊला घेतलेली पहिली नुसती घसरत होती. साडेअकराची दुसरी लोण्यासारखी चालली. दुपारी तीनची तिसरी जड वाटली. ती दुसरी, 104 मिलिमीटर रुंदीची जोडी दुकानदार सीझनअखेर म्हणून बाइंडिंगसकट (बूट स्कीला अडकवणारी पकड) 62,000 रुपयांना देतोय. भाड्याने घेतली तर बुटांसकट दिवसाला 2,500 पडतात, आणि स्वतःची विमानात न्यायला-आणायला 5,000 सांगितलेत. नवे बूट 38,000. माझी 1,50,000 रुपयांची एफडी आहे, पावसाळ्यातला घरखर्च आणि कौलांची डागडुजी तिच्यातून होते. ती मोडू की कार्डावर बारा हप्ते करून घेऊ? दुकानदाराला 30 एप्रिलपर्यंत कळवायचंय.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि हप्तेही करू नका. स्की घेऊच नका. बुटांचं मात्र जमवता येईल, त्याकडे नंतर येते.

आधी त्या तीन जोड्यांबद्दल, कारण पैशांचा निर्णय तुम्ही त्यावर उभा केलाय. तीन स्की पारखल्या असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही पाहिलात तो एकाच डोंगरावरचा तीन वेळचा बर्फ. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. सकाळी नऊला तो फरशीसारखा कडक असतो, त्यावर चांगली स्कीसुद्धा खडखडते. ऊन लागलं की वरचा बोटभर थर सुटा होतो, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार. यालाच कॉर्न स्नो म्हणतात, आणि त्या तास-दोन तासांत कुठलीही स्की शहाण्यासारखी वागते. तीन वाजेपर्यंत त्याचा राडा होतो, ओला बर्फ स्कीचा तळ धरून ठेवतो. तिसरीच्या तळाला थंडीतल्या बर्फाचं वॅक्स (मेण) लावलेलं असेल तर ती बिचारी आणखीच अडली असणार. म्हणजे पहिली आणि तिसरी तुमच्याकडून विनाचौकशी नापास झाल्या.

दुसरी गोष्ट रुंदीची. 104 मिलिमीटरची स्की जानेवारी-फेब्रुवारीच्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी छान, ज्यासाठी गुलमर्गचं नाव आहे. पण नाताळापासून तुमच्या खोल्या भरलेल्या, मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा लागल्या की त्या रिकाम्या होतात, आणि तुम्ही तेव्हाच निघता. तुमचा बर्फ कायम मार्चचाच असणार. सकाळच्या कडक उतारावर 80 ते 90 मिलिमीटरची स्की कडेवर पटकन उभी राहते आणि धरून ठेवते. आणि ‘बायकांसाठीची’ या शब्दावर फार जाऊ नका. काही जोड्या खरंच हलक्या आणि मऊ असतात, बाइंडिंग थोडं पुढे बसवलेलं असतं. पण काहींमध्ये तीच स्की निळ्याऐवजी जांभळ्या रंगात येते, एवढाच फरक.

आता हिशेब. तुमच्याच आकड्यांनी मांडते. चांगली डेमो जोडी बुटांसकट दिवसाला 2,500, म्हणजे पाच दिवसांचे 12,500. स्वतःची घेतली तर विमानात न्यायला-आणायला तुम्हाला 5,000 सांगितलेत, स्कीच्या पोलादी कडा घासून वॅक्स करायला वर्षाचे 2,500. म्हणजे मालकीच्या स्कीवरही वर्षाला 7,500 खर्च आहेच, आणि वाचतात फक्त 5,000. एक लाख वसूल व्हायला वीस वर्षं! तेव्हा तुम्ही 61 वर्षांच्या असाल. वर्षातून दोन खेपा करून बारा दिवस गेलात, तर दोन्ही वेळचं स्कीचं विमानभाडं धरूनही सहा वर्षांच्या आत हिशेब जुळतो. पण दुसरी खेप नेमकी कधी करणार? होमस्टे कुणाच्या जिवावर टाकून?

शिवाय ही जोडी डेमोची आहे, म्हणजे अख्खा सीझन शेकडो पाय तिच्यावर उभे राहून गेलेत. कडा पुन्हा पुन्हा घासल्यावर त्यांच्यात पोलाद किती उरलंय, हे दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही.

आणि आपल्या हवेचं काय? मी हे रत्नागिरीत स्वतः भोगलंय. हौसेने जोडी घेतली, नीट पुसून पिशवीत घातली आणि माळ्यावर टाकली. गणपतीत मखर काढायला चढले तेव्हा पिशवीच्या अस्तरावर आमसुलाच्या रंगाचे दोन लांब डाग. कडा पार गंजलेल्या, बुटांच्या आतल्या अस्तराला हिरवी बुरशी. ती जोडी शेवटी चौथाई किमतीत मनालीच्या एका प्रशिक्षकाला दिली. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस स्कीच्या किमतीत कुणी धरत नाही, मीही धरला नव्हता.

हप्त्यांचं सांगते. लाखाचे बारा हप्ते म्हणजे महिना 8,333 रुपये, वर व्याज, प्रोसेसिंग फी आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी. त्यातले जून ते सप्टेंबर हे चार हप्ते, सुमारे 33,000 रुपये, गिऱ्हाईक नसताना भरायचे. आणि ती एफडी? तुम्हीच लिहिलंय की पावसाळ्यातला घरखर्च आणि कौलांची डागडुजी तिच्यातून होते. मग ती आगोट आहे, पावसाळ्याची बेगमी. आगोटीचे तांदूळ विकून कोणी हार्मोनियम घेतं का? (आमच्या आजोबांनी घेतला होता. आजी जन्मभर ऐकवत राहिली.)

बुटांबद्दल मी थोडी सैल आहे. निव्वळ हिशेबात तेही बसत नाहीत. स्वतःचे बूट असले तर भाडं दिवसाला 2,500ऐवजी 1,700, म्हणजे वर्षाला 4,000 वाचतात आणि पैसे सुटायला साडेनऊ वर्षं लागतात. पण भाड्याचे बूट आधीच दुसऱ्यांच्या पायांनी सैल झालेले असतात, आणि पाय आत हलला की कुठलीच स्की नीट पारखता येत नाही. बूट नेहमीच्या 15 किलोच्या सामानात मावतात. हौस आहे, करा, पण तिचे पैसे हौसेच्याच दिवसांतून काढा. मे महिन्यात भरलेल्या प्रत्येक खोलीमागे रात्रीला 200 रुपये वेगळ्या खात्यात टाका. चार खोल्या, पंचवीस रात्री: 20,000. दिवाळीत बारा रात्री: 9,600. नाताळात दहा रात्री: 8,000. झाले 37,600. वरचे 400 तुम्ही मोदकांच्या ऑर्डरींतून घाला. बूट आले की लायनर काढून घरात, हवेशीर जागी ठेवा. माळ्यावर नाही!

एक विम्याचं. तुमची मिळकत तुमच्या पायांवर उभी आहे. अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेत का, हे पॉलिसीत शोधा. पुष्कळदा वगळलेले असतात. आणि डेमो जोडी घेताना बाइंडिंग लावणाऱ्या मुलाला वजन खरं सांगा, पडताना बूट किती जोरावर सुटावा हे तो त्यावरून ठरवतो. कमी सांगितलं की बाइंडिंग नको तिथे सुटतं. ‘मी तर मुरलेली आहे’ असं सांगितलं की हवं तिथे सुटत नाही, आणि गुडघा जातो. तीन वर्षांचे पंधरा दिवस म्हणजे मुरलेली नव्हे, ताई, राग मानू नका.

पुढच्या मार्चमध्ये स्वतःच्या बुटांनी दोन सकाळी फक्त परीक्षेला द्या. एकच उतार, साडेनऊ ते साडेदहा, 82, 88 आणि 104च्या जोड्या पाठोपाठ, प्रत्येकीच्या दोन फेऱ्या. खाली आलात की लगेच मोबाइलवर बोलून ठेवा: वळताना धरली का, मांड्या भरल्या का. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा.

दुकानदाराला 30 तारखेची वाट पाहायला लावू नका, आजच फोन करून नाही म्हणा. त्याच फोनवर विचारून घ्या की मार्चमध्ये त्याच्याकडे 90च्या आतल्या कोणत्या जोड्या असतील, आणि पुढे कधी स्की घेतलीच तर डेमोचं भाडं किमतीतून वजा करेल का. हो म्हणाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.